पाकिटावर फॉस्फरसचा आकडा छापा : अन्न सुरक्षा व आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी सव्वीस वर्षे एका बेकरी कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात काम केले. केकच्या मिश्रणात कोणता घटक किती पडायचा, त्या कागदावर शेवटची सही माझी असायची. गेली चार वर्षे माझे पती डायलिसिसवर आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. तो का लागला, ते आपल्या कानावर घालावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मागणी आधीच सांगते. पाकीटबंद पदार्थावर जसे सोडियम आणि साखर किती ते छापले जाते, तसाच फॉस्फरसचा आकडा छापणे सक्तीचे करा. आणि त्यातला मुळातला किती व वरून घातलेला किती, हेही वेगळे लिहायला लावा. वरून घालतात ते फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसचे क्षार. त्यांच्यावर बंदी घाला असे मी म्हणत नाही. त्यांच्याशिवाय काय होते हे मी रोज पाहिलेले आहे.

खाण्याचा सोडा एकटा फारसे काही करत नाही. त्याला आम्ल लागते, मग वायू सुटतो आणि पीठ फुगते. पूर्वी आंबट दूध वापरत, किंवा द्राक्षापासून मिळणारे टार्टरिक आम्लाचे क्षार. टार्टरचा स्वभाव उतावळा. पाणी लागले की वायू सुटायला सुरुवात, आणि मिश्रण भांड्यातून साच्यात जाईपर्यंत निम्मा जोर संपलेला. १८५६ मध्ये एबेन हॉर्सफर्ड या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने हाडांपासून तयार केलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचे पेटंट घेतले, आणि बेकिंग पावडरचा आजचा धंदा तिथून सुरू झाला. पुढे सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट आले. आम्ही त्याला सॅप म्हणायचो. त्याच्या गोणीवर २८, ४० असे क्रमांक असतात. २८ म्हणजे पहिल्या आठ मिनिटांत साधारण २८ टक्के वायू सुटणार, बाकीचा ओव्हनची धग लागल्यावर.

हा क्रमांक किती मोलाचा आहे ते यंत्र बंद पडल्यावर कळते. एकदा आमच्या ओव्हनचा पट्टा अडकला. हॉपरमध्ये, म्हणजे मिश्रण साठवायच्या मोठ्या पात्रात, शेकडो किलो मिश्रण तयार होते आणि दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. मी वरून वाकून पाहत उभी होते. पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा येऊन फुटत होता, एवढेच. पट्टा सुरू झाला, केक भाजले गेले, मधोमध कापून पाहिले तर जाळी तशीच, बारीक आणि एकसारखी. त्या दिवशी टार्टर असते तर सगळा माल फेकावा लागला असता. एवढे अन्न वाया गेले नाही, याचे श्रेय फॉस्फेटलाच आहे.

बेकरीबाहेरही त्यांची कामे अशीच आहेत. साधे चीज नुसते तापवले तर तेल सुटते आणि खाली चोथा उरतो. दुधातल्या प्रथिनांना कॅल्शियमने घट्ट बांधून ठेवलेले असते. सोडियम फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेते, प्रथिने मोकळी होतात आणि चरबीला धरून ठेवतात. प्रोसेस्ड चीजचा गुळगुळीतपणा येतो तो असा. सोललेला बटाटा उकडल्यावर करडा पडतो तो लोहामुळे. सॅपच्या पाण्यातून काढला की त्यातले लोह बांधले जाते आणि बटाटा पांढरा राहतो. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते, कॉफीत घालायच्या पावडरीत डायपोटॅशियम फॉस्फेट.

मांस आणि मासळीच्या बाबतीत मात्र मला थोडे थांबावेसे वाटते. ट्रायपॉलीफॉस्फेटच्या द्रावणात कोळंबी किंवा कोंबडीचे तुकडे ठेवले, की स्नायूंतली प्रथिने सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात. शिजवल्यावर तुकडा रसरशीत राहतो, गोठवून पुन्हा वितळवला तरी पाण्याचे तळे साचत नाही. इथपर्यंत ठीक. पण तेच द्रावण जरा जास्त वेळ ठेवले तर ग्राहक कोळंबीच्या भावाने पाणी विकत घेतो, आणि पाण्याबरोबर फॉस्फेटही. दिसायला तो तुकडा कच्च्या, ताज्या मालासारखाच. कच्च्या मालात वरून काही घातले असेल अशी शंकाही कुणाला येत नाही.

आता घरातली गोष्ट.

निरोगी मूत्रपिंडे जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे काढून टाकतात. ती थकली की तो रक्तात साठतो. रक्तातले प्रमाण साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असावे. माझ्या पतींचे सात होते. त्याने काय होते? आधी खाज. रात्री दोन वाजता हे पलंगाच्या कडेला बसून पोटऱ्या खाजवत असायचे, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. हे वरवरचे. आत शरीर हाडांतले कॅल्शियम काढत राहते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर कॅल्शियम-फॉस्फेटचा थर बसत जातो. हृदयाला धोका होतो तो इथून.

आम्ही डाळी कमी केल्या. दाणे, सुकामेवा बंद. दूध मोजून. जेवणाबरोबर फॉस्फेट बांधून ठेवणाऱ्या गोळ्या सुरूच होत्या. तरी आकडा हलेना. डॉक्टर विचारत, पथ्य पाळता ना? आणि हे खाली मान घालून म्हणत, पाळतो. मलाही एकदा वाटून गेले की हे माझ्यापासून लपवून काहीतरी खात असावेत. ते मी बोलूनही दाखवले. त्याचे आजही वाईट वाटते.

शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंनी विचारले, दुपारी चहाबरोबर काय खातात? एक मफिन, मी म्हटले. साधा असतो, क्रीम नाही, चॉकलेट नाही. त्यांनी एका चिठ्ठीवर फॉस्फेट घटकांचे सांकेतिक आकडे लिहून दिले : ३३८ ते ३४१, ३४३, ४५० ते ४५२, ५४१. म्हणाल्या, पाकिटावर यातले काही दिसले तर ठेवून द्या. ते आकडे मी सव्वीस वर्षे गोण्यांवर वाचले होते. ४५० म्हणजे माझे सॅप.

त्या संध्याकाळी मी कागद घेऊन बसले. एक किलो मैद्याला बारा ग्रॅम सोडा धरा. तेवढा सोडा पुरता निष्प्रभ करायला साधारण साडेसोळा ग्रॅम सॅप लागते. सॅपच्या वजनात २८ टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या वर. एक किलो मैद्यातून मफिन होतात पंचेचाळीस ते पन्नास. प्रत्येकात जवळपास शंभर मिलिग्रॅम, निव्वळ फुगवण्यासाठी घातलेला. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसाला आठशे ते हजार मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात. शिवाय गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. चहाबरोबरच्या मफिनला गोळी कोण घेणार?

शंभराचा आकडा लहान वाटेल, म्हणून पुढचे सांगते. सगळा फॉस्फरस शरीरात सारखा शोषला जात नाही. डाळी, धान्ये, बिया यांतला बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, आणि तो सोडवणारे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसते. त्यातला वीस ते पन्नास टक्केच अंगी लागतो. मांस, अंडी, दुधातला चाळीस ते साठ. वरून घातलेले फॉस्फेट हे विरघळणारे क्षार, त्यांतला ऐंशी ते शंभर टक्के थेट रक्तात. म्हणजे आम्ही घरी डाळीच्या वाट्या मोजत होतो, आणि ज्याचा जवळजवळ प्रत्येक मिलिग्रॅम आत जातो ते मोजायला आमच्याकडे साधनच नव्हते.

पाकीट हातात घेऊन पाहा, मंत्रिमहोदय. उष्मांक, प्रथिने, साखर, चरबी, सोडियम अशी यादी मिळेल. फॉस्फरस क्वचितच. घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत कुठेतरी ‘फुगवणारे घटक (४५०, ५००)’ असते, कुठे ‘आम्लता नियामक’, कुठे ‘स्थिरक’. फॉस्फेट हा शब्दही बहुधा नसतो. किती घातले ते तर नाहीच. साठीच्या माणसाने भिंगाने आकडे वाचायचे, चिठ्ठीशी जुळवायचे, आणि तरी त्याला एवढेच कळायचे की आत काहीतरी आहे.

हा प्रश्न फक्त रुग्णांचा आहे असेही समजू नये. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये फॉस्फेटची एकत्रित दैनंदिन मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम फॉस्फरस अशी ठरवली. त्याच अहवालात म्हटले आहे की सर्वसाधारण आहार घेणारी तान्ही बाळे आणि लहान मुलेही ही मर्यादा ओलांडू शकतात. आणि ही मर्यादा मूत्रपिंडांचे काम मध्यम ते तीव्र प्रमाणात मंदावलेल्यांना लागू नाही, हेही स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांच्यासाठी सुरक्षित आकडाच नाही. त्यांनी निदान स्वतः मोजावे, तर मोजता येत नाही. मूत्रपिंडाचा आजार वर्षानुवर्षे मुकाट्याने वाढतो, अनेकांना तो असल्याचेच ठाऊक नसते, हे आपले खाते जाणतेच.

माहिती मिळाल्याने फरक पडतो याला आधार आहे. अमेरिकेत डायलिसिसच्या २७९ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातला फॉस्फरस वाढलेल्या या रुग्णांपैकी काहींना फक्त फॉस्फेट घातलेले पदार्थ कसे ओळखायचे ते शिकवले. तीन महिन्यांनी त्यांच्या रक्तातला फॉस्फरस इतरांपेक्षा डेसिलिटरमागे ०.६ मिलिग्रॅमने जास्त उतरला होता. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. घटक वाचायला शिकवले, बस्स.

ट्रायपॉलीफॉस्फेट कपडे धुण्याच्या पावडरीतही असायचे. पाण्यात शेवाळ माजते म्हणून युरोपात २०१३ पासून त्यावर ग्रॅमच्या हिशेबाने मर्यादा आहे. पाण्यात किती जाते ते मोजले गेले, ते चांगलेच झाले. ताटात किती जाते तेही मोजावे, एवढेच माझे म्हणणे.

कारखानदार म्हणतील, तपासणीचा खर्च वाढेल. मी त्यांच्याच बाजूच्या खुर्चीवर बसलेली आहे, म्हणून सांगते. अमोनियम मॉलिब्डेट घालून निळा रंग किती गडद येतो ते पाहायचे, ही फॉस्फरसची चाचणी खूप जुनी आणि साधी आहे. आणि वरून घातलेला किती, यासाठी तर प्रयोगशाळाही लागत नाही. तो आकडा कृतीच्या कागदावर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. मी तो रोज तपासून सही करत होते. तयार मिश्रण विकत घेणाऱ्यांनी पुरवठादाराकडून तो मागून घ्यावा.

दोन्ही आकडे वेगळे का हवेत, तेही सांगते. नुसता एकूण आकडा छापला तर सबंध गव्हाचा ब्रेड मैद्याच्या केकपेक्षा वाईट दिसेल, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर. पण त्यातला थोडाच शोषला जातो. रुग्ण ब्रेड टाळेल आणि केक खाईल. अर्धी माहिती इथे घातक ठरेल. मीठ कमी केल्याची जाहिरात करणाऱ्या पदार्थांवरही लक्ष असू द्या. सोडियमचे क्षार काढून पोटॅशियमचे फॉस्फेट घातले, तर मूत्रपिंडाच्या रुग्णाला दुहेरी फटका बसतो, कारण त्याला पोटॅशियमही सोसत नाही.

आकडा छापायला लागला की कारखाने आपोआप विचार करतील. फॉस्फेटऐवजी काही चीजमध्ये सायट्रेट, म्हणजे सायट्रिक आम्लाचे क्षार, चालतात; काही केकमध्ये ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन हा आम्ल देणारा घटक. सगळीकडे नाही चालणार. लॅक्टोन महाग आहे आणि मागाहून किंचित आंबट लागते. पण जिथे सवयीने चमचा जास्त पडतो तिथे तो कमी होईल. आमच्याकडेही तो जास्त पडत होता, केक थोडा अधिक उंच दिसावा म्हणून. तो खरोखर एवढा लागतो का, हे तेव्हा मला कुणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

पाकिटावरच्या नियमांसाठी आपण तज्ज्ञांची बैठक बोलावलीत, तर मी माझ्या खर्चाने येईन. केक, बिस्किट आणि मफिन यांचे हिशेब मांडलेले कागद तयार आहेत. चीज आणि मासळीचे त्या क्षेत्रातल्या लोकांनी मांडावेत. बैठकीत डायलिसिस घेणाऱ्या दोघातिघांनाही बसवावे, पण ती त्यांच्या उपचाराच्या दिवशी ठेवू नये.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त गुणवत्ता नियंत्रक