सायकलला आधी काय लावायचं

कारंजा (घाडगे)
२२ मे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. शाळेत जायला घेतोयस त्या नव्या सायकलला आधी काय लावायचं असं विचारलंस, सोबत दुकानदारानं लिहून दिलेली सामानाची यादीही मिळाली. ती वाचून हसूच आलं गड्या. मोबाइल होल्डर आहे, जेलचं सीटकव्हर आहे, चाकात चमकणारे रंगीत दिवे आहेत, आणि पंप मात्र नाही! मारेगावपासून शाळा नऊ किलोमीटर, त्यात शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा आणि धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधाबांधावर, बाभळी. अशा वाटेवर पहिला पैसा काट्यावर घालायचा, दुसरा उजेडावर. बाकीचं पगार हातात आल्यावर.

काट्यात दोन जाती धर. बाभळीचा काटा लांब आणि टणक, तो टायर-ट्यूब आरपार करतो. सराटा बारीक, पण एकदा त्याच्यावरून चाक गेलं की एकाच ट्यूबला चार-पाच भोकं. सराट्यासाठी साधी युक्ती पुरते. २६ इंची जुनी ट्यूब घे, व्हॉल्व्हचा भाग कापून टाक, उरलेली आतल्या अंगानं उभी चिर आणि ती पट्टी टायर आणि नव्या ट्यूबच्या मध्ये सगळीकडून सारखी बसव. टोकं चार-पाच सेंटिमीटर एकमेकांवर यायला पाहिजेत. सायकल थोडी जड होते, ते सोसायचं. दुकानात यासाठी प्लॅस्टिकची पट्टी मिळते. ती जास्त काटे अडवते, पण तिची कापलेली कड महिना-दोन महिन्यांत ट्यूबलाच घासून भोक पाडते. घेतलीसच तर टोकं कात्रीनं गोल कर आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळ.

बाभळीच्या काट्यापुढे पट्टी टिकत नाही. तिथं सीलंट, म्हणजे ट्यूबचं भोक आतून बुजवणारा द्रव. तुझ्या सायकलला मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह आहे, म्हणून हे घरी जमतं: व्हॉल्व्ह वर येईल असं चाक फिरव, आतली पिन तिच्या छोट्या चावीनं काढ, १०० ते १२० मिली सीलंट सोड, पिन लाव, हवा भर आणि लगेच दोन-तीन किलोमीटर चालव. उभ्या सायकलीत ते सगळं खाली साचतं, चाक फिरलं तरच चारी बाजूंना पसरतं. साधारण तीन मिलिमीटरपर्यंतचं भोक ते बुजवतं. मोठी चीर, फाटलेला व्हॉल्व्ह, ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिंगच्या बाजूचं भोक, यांना त्याचा उपयोग नाही. आपल्या उन्हात ते लवकर वाळतं. म्हणून एकदा भरलं की विषय संपला असं समजू नको, दर काही महिन्यांनी थोडं वाढवावं लागतं. पुढे हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या अंगाला ठेव, खाली असला तर द्रव पिनेत येऊन बसतो.

एवढं करूनही पंक्चर होणारच. सीटखालच्या पिशवीत टायर काढायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पॅच, सोल्युशनची न उघडलेली ट्यूब, सॅंडपेपरचा तुकडा, एक चिमटा आणि चाकाच्या नटाचा पाना ठेव. पाना सायकल सोबत नेऊन नटावर बसवून बघूनच घे. अंदाजानं घेतलेला पाना नटाचे कोपरे खातो. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की उन्हाळ्यात आतल्या आत वाळते, म्हणून जवळ नवीच असू दे. आणि कापसाचा एक बोळा. तुला वाटेल हे काय! टायरच्या आतून बोटं फिरवली तर मोडलेला काटा बोटात जातो, नाहीतर सापडतच नाही. कापूस फिरव, जिथं धागा अडकेल तिथं काटा. बाभळीचा काटा रबराच्या आतच मोडतो आणि टायर दबला की टोक बाहेर काढतो. तो चिमट्यानं ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूबही टिकणार नाही. ज्याचं पंक्चर काढल्यावर तासाभरात परत हवा जाते, त्याच्या टायरात बहुतेक काटा तसाच असतो.

पॅचचं सांगतो, कारण यात घाई सगळेच करतात. ट्यूब पाण्यात धरून भोक शोध. रस्त्यात पाणी नसेल तर ओठांजवळ फिरव, हवा लागते. एक भोक सापडलं की समोरची बाजूही बघ, लांब काटा दोन्हीकडून जातो. पॅचच्या दीडपट जागा घास, सोल्युशन पातळ पसरव, आणि मग थांब. मे महिन्यात दोन-तीन मिनिटं, पावसाळ्यात पाच. बोट लावल्यावर ओलं लागता कामा नये. ओल्यावर पॅच दाबला की वर चिकटल्यासारखा दिसतो आणि हवा भरल्यावर कडेनं उचलतो. ट्यूब परत बसवताना तिच्यात थोडी हवा असू दे, म्हणजे पीळ पडत नाही. टायरचा शेवटचा वीतभर भाग अंगठ्यानं चढव, पट्टीनं नाही. तिथंच ट्यूब चिमटीत सापडते.

हवेबद्दल: तुझ्या टायरला ४० ते ५० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) बरी, पण टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा शेवटचा. पेट्रोल पंपावर भरायची तर झटक्याझटक्यानं भर. मोटारीच्या टायरात लागेल तितका वेळ नळी धरली तर सायकलचा टायर रिंगवरून उडेल. ‘उन्हानं ट्यूब फुटली’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. हिशेब करून बघ. सकाळी २८ अंशांत ५० भरली आणि दुपारी टायर ६० अंशांपर्यंत तापला, तरी हवेचा दाब सहा-सात पीएसआयनंच वाढतो. तेवढ्यानं धड ट्यूब फुटत नाही. जुन्या पॅचचं सोल्युशन उष्णतेनं मऊ होतं आणि पॅच सरकतो, किंवा टायरच्या कडेला आधीच चीर असते आणि ट्यूब तिच्यातून फुगा काढते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, हवा कमी भरून चालवण्याचा सल्ला मिळेल तुला, तो ऐकू नको. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूब रिंग आणि दगड यांच्यात चेपते आणि दोन समांतर चिरा पडतात.

घरची काकांची काळी सायकल काढशील तर तिच्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी आधी बदल. वर्षभर उभ्या सायकलची ती नळी चिरते आणि हवा हळूहळू जाते. लोक पंक्चर शोधत बसतात. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लाव, बुडबुडा आला तर नळीच गेली.

आता उजेड. शाळेतून निघायला हिवाळ्यात उशीर झाला की अंधारच, आणि तुझ्या वाटेवर वणीकडचे कोळशाचे ट्रक. शिवाय कपाशीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या, त्यातल्या कित्येकांना मागे लाल दिवाच नाही. म्हणून पुढचा दिवा दिसण्यासाठी आणि बघण्यासाठी दोन्हीला पाहिजे. स्थिर उजेडाचा घे, लुकलुकता नको, लुकलुकत्यात खड्ड्याची खोली कळत नाही. झोत आठ-दहा मीटरवर जमिनीला लागेल इतका खाली झुकव, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जातो. मागचा लाल दिवा सीटच्या दांड्याला लावू नको. कॅरिअरवर पिशवी ठेवली की तो झाकतो, आणि नेमका हाच घोळ सगळ्यात जास्त दिसतो. कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डवर लाव, रस्त्याला सरळ मागे बघेल असा. चार्जिंगचे दिवे चांगले, फक्त चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण घट्ट बसतं का ते दुकानातच बघ, तिथूनच पाणी शिरतं. दिवसभर उन्हात सायकलवर ठेवू नको, काढून वर्गात ने. तापून बॅटरी लवकर मरते. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून चार्ज कर. आणि बॅटरी संपली तरी काही तरी दिसावं म्हणून मागच्या मडगार्डवर लाल चमकपट्टी चिकटव. पायडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर काढू नको. ते वरखाली होतात म्हणून ट्रकवाल्याला लांबून कळतं की पुढे सायकल आहे. आठवड्यातून एकदा धूळ मात्र पूस.

डायनॅमोचं विचारलंस. बाटलीचा डायनॅमो टायरच्या कडेला घासून चालतो. ओल्या चिखलात तो घसरतो आणि दिवा विझतो, सायकल थांबली तरीही विझतो. तुझ्या वाटेला नको.

मृग लागला की खरी परीक्षा चिखलाची. आपली काळी माती टायरला चिकटते, मडगार्डखाली थर बसत जातो आणि शेवटी चाक फिरतच नाही. नव्या सायकलला दुकानदार मडगार्ड टायरला चिकटून बसवतो, दिसायला छान दिसतं ते. तुला टायर आणि मडगार्डमध्ये किमान दोन सेंटिमीटर, जमलं तर तीन सेंटिमीटर मोकळं पाहिजे. बसवताना बोल्टवर एक-दोन जाड वायसर घालून वर उचलून घे. रुंदी ६० मिलिमीटरच्या आसपास बघ, टायरच ५० भरतो. मागचं पूर्ण लांबीचं असू दे, पाठ आणि डबा वाचतो. पुढचं पावसाळ्यात आखूड बरं, कारण पुढचं चाक चालत्या सायकलीत अडकलं तर माणूस सरळ हँडलवरून जातो. चिखल काढायला वेगळं हत्यार नको. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी कुठल्याही धुऱ्यावर मिळते. ब्रेकच्या दोन्ही हातांच्या मागेही माती साचते, ती आधी काढ. ब्रेकच्या रबरात खडा रुतला असेल तर तो रिंगवर रेघा पाडत राहतो. पाऊस पडून गेल्यावर पांदणीत चाकोरीतून जाऊ नको, कडेच्या गवतावरून ने. पावसाळ्यात सराटा कोवळा असतो, म्हणून ते चालतं. दिवाळीनंतर तेच गवत टाळायचं. आणि खूपच चिखल असला तर सायकल डांबरी रस्त्यावरच्या ओळखीच्या घरी लावून चालत जा बाप्पा, खांद्यावर घेऊन जाण्यापेक्षा ते बरं.

कॅरिअर लोखंडी घे. किती वजन चालतं ते त्यावर लिहिलेलं असतं, बहुतेकांवर २५ किलो. बसवून झाल्यावर उजव्या पायाचा बोल्ट आतून बघ. लांब असला तर चेनला किंवा फ्रीव्हीलला घासतो. पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा आवळ, खडबडीत रस्त्यानं ते सुटतातच. सामान बांधायला हुकवाली रंगीत दोरी घेऊ नको. उन्हानं तिचं रबर मरतं आणि सुटलेला हुक आऱ्यांत गेला की चाकच जातं. जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी बांध, गाठ मारली की हलत नाही. वह्यांची पिशवी बाजूला लटकवणार असशील तर त्या बाजूला साडीगार्ड लाव, आणि पिशवी इतकी मागे असू दे की टाच लागणार नाही. ट्यूबचीच एक पट्टी उजव्या पायात पॅन्टच्या मोहरीवर.

तेलाचं एक लक्षात ठेव. घरात जवसाचं तेल असतं म्हणून चेनला लावशील, तर ते वाळून राळेसारखं घट्ट होतं आणि कड्या धरतात. सोयाबीनचंही पुढेमागे तेच होतं. शिलाई मशीनचं किंवा सायकलच्या चेनचं तेल आण. चेन फडक्यानं पूस, एकेका कडीवर एकच थेंब टाक, पायडल उलटं फिरव आणि वर राहिलेलं पुसून टाक. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. उन्हाळ्यात हात आखडता ठेव, पावसात चेन भिजली की वाळवून लगेच लाव. कुलपात मात्र तेल नको, धुळीनं त्याची पेस्ट होते. पेन्सिलीच्या शिशाची पूड चावीला लावून दोन-चारदा फिरव.

पाण्याच्या बाटलीला सुती मोजा घाल आणि तो ओला ठेव. घरच्या कूलरचंच हे गणित, हवा कोरडी असेपर्यंत पाणी गार राहतं. पावसाळ्यात मोजा काढून टाक, काही फरक पडत नाही. एप्रिल-मे मध्ये ओआरएसचं एक पाकीट त्यावर लिहिलं असेल तितक्या पाण्यात, कमी पाण्यात नाही. खिशात कांदा ठेवायचा तर ठेव, शाळेत पोचल्यावर भाकरीसोबत खा. दुपट्टा डोक्याला बांधशील तेव्हा टोकं मागे खोच, लोंबती ठेवू नको. आऱ्यांत गेलेला दुपट्टा मान ओढतो. हेल्मेट घेतलंस तर आत पातळ सुती टोपी घाल.

राहिलं किरकोळ. आरसा उजव्या हँडलला, कारण मागून येणारं तिकडूनच पुढे जातं. गोलसर आरशात ट्रक आहे त्याहून लांब दिसतो, हे ध्यानात ठेव. घंटी साधी पितळी टोपीची पुरते. एका पायाचा स्टँड काळ्या मातीत रुततो, म्हणून खाली चपटा दगड किंवा डबल स्टँड. जेलचं सीटकव्हर घेऊ नको, ते सरकतं आणि उन्हात तव्यासारखं तापतं. त्याऐवजी सीटची उंची नीट कर: पायडल अगदी खाली असताना गुडघा जरासा वाकलेला राहिला पाहिजे.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. सायकल दुकानातून घरी आणलीस की मडगार्डची जागा मोजून कळव.

तुझा,
प्रकाश

ता. क. पायडल बदलशील तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते सोडवताना पाना घड्याळाच्या दिशेनं फिरव. सवयीनं उलटा जोर लावलास तर ते आणखीच आवळून बसेल.