परदेशी कंपनीला दंड लावाल, पण वसूल कुठून कराल? : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ भारतातल्या लोकांना सेवा पुरवणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहे आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण कंपनीचे इथे कार्यालय नसेल, तर हा दंड कागदावरच राहील. आकडा वाढवून काही साधणार नाही. आधी वसुलीची वाट बांधा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

परदेशी न्यायालयाकडून आशा ठेवू नये. दुसऱ्या देशाचा दंड आपण वसूल करून द्यायचा नाही, हा जुना संकेत आहे आणि तो आपणही पाळतो. परदेशी न्यायालयाचा हुकूमनामा इथे अमलात आणण्याची सोय देणाऱ्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ मधून दंडाच्या रकमा वगळलेल्याच आहेत. क्लिअरव्ह्यू एआय या चेहरे ओळखण्याचे तंत्र विकणाऱ्या अमेरिकी कंपनीला इटली, ग्रीस आणि फ्रान्सने २०२२मध्ये प्रत्येकी २ कोटी युरो दंड केला. फ्रान्सला तर आदेश पाळला नाही म्हणून पुढच्या वर्षी आणखी ५२ लाख युरोंची भर घालावी लागली.

पहिली अडचण नोटीस बजावण्यापासूनच येते. इथली उपकंपनी सांगते, आम्ही फक्त जाहिराती विकतो, सेवा मूळ कंपनी चालवते. परदेशात नोटीस बजावण्यासाठीचा १९६५चा हेग करार दिवाणी आणि व्यापारी प्रकरणांपुरता आहे. नियामकाची नोटीस त्यात बसते का, यावरच वाद घालता येतो. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१च्या नियमांनी ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना निवासी अधिकारी नेमायला लावले. डेटा कायद्यात मात्र भारतात अधिकारी ठेवण्याची सक्ती सरकारने ‘महत्त्वाच्या’ ठरवलेल्या कंपन्यांनाच आहे. मधल्या आकाराची परदेशी ॲप्स यातून निसटतात. त्यांनाही निवासी प्रतिनिधी बंधनकारक करा आणि त्याला दिलेली नोटीस कंपनीला मिळाली असे धरा. कंपनीच्या प्रत्येक चुकीसाठी त्याला तुरुंगाची भीती मात्र घालू नका, नाहीतर ते पद कुणीही जबाबदार माणूस घेणार नाही.

प्रतिनिधीमुळे पत्ता मिळतो, पैसा नाही. युरोपात प्रतिनिधी नेमण्याचा नियम आहे, पण कंपनीचा दंड त्याच्याकडून वसूल होत नाही. पैसा देशाबाहेर जाण्याआधीच अडवावा लागतो आणि हे आपल्याला जमलेले आहे. २०१६पासून मार्च २०२५पर्यंत ऑनलाइन जाहिरातींवरची ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही, म्हणजे परदेशी कंपनीच्या इथल्या कमाईवरचा कर, इथला जाहिरातदारच कापून सरकारकडे भरत होता. परदेशी कंपनीच्या मागे धावावे लागले नाही. १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातले कलम २२६(३)ही असेच होते: थकबाकीदाराला देणे लागणाऱ्याकडून थेट वसुली. दंड अंतिम झाला की जाहिरातदार, पेमेंट गेटवे आणि ॲप स्टोअर यांना असा आदेश देता आला पाहिजे. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये एक्स (पूर्वीचे ट्विटर) या समाजमाध्यमाच्या दंडासाठी इलॉन मस्क यांच्याच स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट कंपनीच्या खात्यातूनही पैसे घेतले. परिणाम झाला, पण कंपन्या दोन वेगळ्या होत्या. एकाच समूहातली कंपनी कोणती मानायची, हे आपल्या कायद्यातच लिहिलेले असावे.

सेवा बंद करणे शेवटी. डेटा कायद्याच्या कलम ३७मध्ये दोन किंवा अधिक दंडांनंतर ती सोय आहे, पण आयपी पत्ते (सेवांचे इंटरनेटवरचे क्रमांक) बंद करताना भलत्याच सेवा भरडल्या जातात. रशियाने २०१८मध्ये टेलिग्राम हे संदेश ॲप रोखण्यासाठी ॲमेझॉन आणि गुगलचे लाखो पत्ते बंद केले. टेलिग्राम चालूच राहिले, इतरांच्या सेवा कोलमडल्या.

डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिने दिले आहेत. तृतीय पक्षाकडून वसुली नुसत्या नियमांत बसवली, तर न्यायालयात टिकणे कठीण. त्यासाठी कायद्यातच दुरुस्ती लागेल. त्याचे विधेयक ही मुदत संपण्याआधी संसदेत मांडावे.

आपले नम्र,
सायबर कायद्याचे काम करणारे काही वकील व तंत्रज्ञ