मैदानाकडे पाठ करून

ती. आई-बाबांस आणि लाडक्या ताईस,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र आईनं मोठ्यानं वाचावं, आणि ताई समोर असताना वाचावं. ती झोपली असेल तर थांबा, तिला उठू दे.

इंग्लंडला येऊन आता चांगलं रुळले आहे, तब्येत उत्तम आहे. बाबा, तुम्ही दर वेळी फोनवर विचारता, "नेमकं काम काय करतेस गं तिथे?" आणि मी "सगळंच" म्हणून विषय संपवते. तर नीट सांगते. आमची संस्था लहान आहे, फक्त दिव्यांग खेळाडूंसाठी काम करते. आठवड्यातले दोन दिवस मी कार्यालयात असते. खेळाडूंच्या नोंदण्या, स्पर्धांची वेळापत्रकं आणि प्रवासाची सोय हे माझ्याकडे आहे. प्रवासाची सोय म्हणजे मुख्यतः हॉटेलांना फोन करून दारांची रुंदी विचारणं. "आमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे" असं उत्तर आलं तरी सेंटिमीटर विचारायचेच, कारण खोलीचं दार ऐसपैस आणि बाथरूमचं अरुंद, असं सर्रास निघतं. मग खेळाडू रात्रभर काय करणार? हे काम कंटाळवाणं वाटेल, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. एका दारापायी कुणाची स्पर्धा हुकू शकते.

उरलेले दिवस मी हॉलमध्ये असते, आणि पत्रास कारण ते दिवस आहेत.

मला ज्या खेळाला लावलंय त्याचं नाव बोचिया. इथे उच्चार "बॉचा" असा करतात. मैदान साडेबारा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. एका बाजूकडे सहा लाल चेंडू, दुसरीकडे सहा निळे, आणि एक पांढरा, त्याला जॅक म्हणतात. सुरुवातीला लाल चेंडूवाला जॅक टाकतो, मग दोघांनी आपापले चेंडू त्याच्या जवळ न्यायचे. समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या चेंडूपेक्षा आपले जितके चेंडू जॅकला जवळ, तितके गुण. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक चेंडूचा घट्टपणा वेगळा असतो. मऊ चेंडू पडतो तिथेच बसतो, कडक चेंडू लांब घरंगळत जातो आणि दुसऱ्याच्या चेंडूला ढकलून त्याची जागा घेतो. कुठला चेंडू कधी काढायचा यावर सगळा डाव फिरतो. पहिल्याच चेंडूला कडक काढून बसलात तर शेवटी वाट अडवलेली असते आणि ती फोडायला हातात काही उरत नाही.

ऑलिम्पिकमध्ये याचा जोडीदार खेळ नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसांसाठीच तो घडत गेला आणि 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. ताई, तुला जे आहे, तेच.

पॅरालिम्पिकमध्ये खेळाडूंचे चार वर्ग असतात, बीसी 1 ते बीसी 4. काही जण हातानं चेंडू टाकतात, काही पायानं. बीसी 3 मधल्या खेळाडूंना हातापायांनी चेंडू मैदानात पोचवता येत नाही, म्हणून त्यांना रॅम्प मिळतो, म्हणजे पन्हळीसारखा एक उतार. चेंडू किती उंचीवरून सोडायचा, रॅम्पचं तोंड कुठे वळवायचं, कुठला चेंडू घ्यायचा, हे सगळं खेळाडू ठरवतो. रॅम्प हलवायला सोबत एक सहायक असतो. चेंडूला शेवटचा स्पर्श मात्र खेळाडूचाच हवा, हातानं किंवा डोक्याला बांधलेल्या दांडीनं.

आता सहायकाचा नियम ऐका. त्यानं मैदानाकडे पाठ करून बसायचं. खेळ चालू असताना वळून बघायचं नाही, काही सुचवायचं नाही. समोर फक्त खेळाडूचा चेहरा. मागे काय चाललंय ते कानावर येतं, चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज, पंचांचे शब्द, पण दिसत काही नाही. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं. सरावात ही सहायक मी आहे.

ज्यांच्यासोबत मी बसते ते पन्नाशीचे गृहस्थ आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. ते बोलतात, पण शब्दाशब्दाला वेळ लागतो, आणि दमले की जास्तच. पहिल्या दिवशी त्यांचा चेंडू गेला, मागे खट्‌कन आवाज आला आणि मी चटकन मान वळवली. कुणीही वळवेल. सामन्यात याला दंड आहे. सराव होता म्हणून पंच नव्हते, पण त्यांनीच खेळ थांबवला. म्हणाले, "तू बघितलंस. आता तू मला मदत करशील." एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मला वाटलं, मदतीलाच तर मी इथे आहे, यात रागावण्यासारखं काय? घरी परत येताना बसमध्ये उलगडा झाला. चेंडू कुठे पडलेत ते मला दिसलं होतं. आता त्यांनी "थोडं उजवीकडे" म्हटलं, तर "थोडं" म्हणजे किती हे माझा हात माझ्या मतानं ठरवणार, आणि तो डाव त्यांचा राहणार नाही.

दुसरी चूक मी एकदा नाही, पंधरा दिवस केली. ते "लेफ्ट" म्हणाले की मी लगेच रॅम्प डावीकडे सरकवायचे. त्यांचं वाक्य मात्र पुढे चालू असायचं, "लेफ्ट ठीक आहे, उंची वाढव." मी आधीच सगळं हलवून ठेवलेलं. ते डोळे मिटून घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे. ओरडले एकदाही नाहीत. शेवटी आमच्या कोचबाईंनी मला सांगितलं की रोज सरावाआधी दोन्ही हात मांडीवर ठेव, वाक्य पूर्ण संपलं की मनात तीन आकडे मोज, आणि मग हात उचल.

ती तीन आकड्यांची शांतता मला सुरुवातीला असह्य व्हायची. ही घाई माझ्यात कुठून आली हे मला माहीत आहे. ताई, ती मी तुझ्या बाजूला बसून शिकले. तू "मला ग..." म्हणालीस की मी "गरम होतंय ना?" म्हणून पंखा लावून मोकळी व्हायचे. कदाचित तुला गच्चीवर जायचं असेल. तू मान हलवायचीस आणि मी कौतुक करून घ्यायचे की बघा, मला ताईचं न बोलता कळतं. सगळे म्हणायचेही तसं. आता वाटतं, त्यातल्या कितीतरी वेळा तू हो म्हणत नव्हतीस, बोलण्याचा नाद सोडून देत होतीस. मला माफ कर. हे फोनवर म्हणवलं नसतं.

आई, तू वाचताना थांबली असशील तर पुढे वाच. यात तुझा दोष काढत नाही. तू तिचं जे केलंस ते मी जवळून बघितलंय.

मागच्या शनिवारी स्टोक मँडव्हिल या गावी जाऊन आले. बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून लिहिते. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर नाझी जर्मनीतून 1939 मध्ये इंग्लंडला आले आणि 1944 मध्ये तिथल्या रुग्णालयात त्यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्या काळी असे रुग्ण पाठीवर जखमा होऊन, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होऊन दगावत. या माणसानं दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायला लावली, रात्रीसुद्धा. मग त्यांना खेळायला लावलं. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, तिथे 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. 1960 मध्ये रोमला 23 देशांचे 400 खेळाडू जमले, तीच पहिली पॅरालिम्पिक. आणि पॅरिस 2024 पॅरालिम्पिकची ज्योतही याच गावात पेटवली. मी तिथे बराच वेळ उभी होते. सगळं त्या दर दोन तासांनी कूस बदलण्यापासून सुरू झालं, आणि आई ताईसाठी तेच करते, हे सारखं मनात येत होतं.

इथल्या एका प्रशिक्षकांनी विचारलं, तुमच्याकडे दिव्यांगांचे खेळ कधीपासून? मी मुरलीकांत पेटकरांचं सांगितलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान, 1972 मध्ये हायडलबर्गला 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. सांगली जिल्ह्यातले हेही सांगितलं, आणि त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारींनी पॅरिसला गोळाफेकीत रौप्य मिळवलं तेही. पॅरिसला आपली एकूण 29 पदकं झाली. सांगताना आवाज चढला माझा. पण त्यांनी पुढे विचारलं, "आणि ज्यांना गोळा उचलताच येत नाही ते?" तेव्हा मी गप्प झाले. मला फक्त आपली खोली आठवली, खिडकीशी लावलेली खुर्ची आठवली.

म्हणून आता मुद्द्याचं. आपल्याकडे बोचियाची राष्ट्रीय संघटना आहे, खेळ खेळला जातो. सुरुवातीला महागडा रॅम्प लागत नाही, प्लास्टिकचा जाड पाइप उभा चिरून त्यावर सराव करता येतो, इथेही नव्या मुलांना तसंच शिकवतात. ताई कुठल्या वर्गात बसेल, हे मी सांगू शकत नाही, ते वर्गीकरण करणारे तज्ज्ञ तपासून आणि खेळताना बघून ठरवतात. बाबा, लगेच फोनाफोनी करू नका. पाइपही आणू नका. तुमचा उत्साह मला माहीत आहे, पण आधी तिला विचारायचं आहे, आणि मला विचारायचं आहे.

ताई, ऐक. तुला हा खेळ खेळून बघावासा वाटतो का? की नुसता बघावासा वाटतो? की दोन्ही नको? "नको" म्हणालीस तरी मला चालेल, मी खरंच म्हणते. आणि दुसरंच काही करावंसं वाटत असेल, जे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही, तर तेही सांग.

आई-बाबा, तिला हवा तेवढा वेळ द्या, दोन दिवस लागले तरी. ती बोलत असताना मध्ये शब्द घालू नका. वाक्य संपलं असं वाटलं की मनात तीन आकडे मोजा, मग तिच्याच शब्दांत लिहून घ्या. रविवारी संध्याकाळी फोन करीन. तो आधी तिच्या कानाशी धरा. मी थांबेन.

तुमची,
धाकटी