फिनालेतले स्कोअर बाहेर काढताना

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘फिनाले’ हे स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, लिहिण्याचे सॉफ्टवेअर यापुढे विकसित होणार नाही, असे मेकम्युझिक कंपनीने २६ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केले. १९८८ पासून चालत आलेले हे सॉफ्टवेअर. वर्षभरानंतर नव्या संगणकावर परवाना चालू करता येणार नाही, असेही कंपनीने आधी म्हटले होते. ओरड झाल्यावर ती अट मागे घेतली. त्यामुळे ‘चालतंय तोवर चालू दे’ असा अनेकांचा सूर आहे. पण फिनालेची फाइल पूर्ण समजणारे सॉफ्टवेअर म्हणजे खुद्द फिनालेच. विंडोज किंवा मॅकच्या पुढच्या एखाद्या आवृत्तीवर ते उघडेनासे झाले, तर आतला स्कोअर, म्हणजे लिहिलेले संगीत, आतच राहील. चित्रपटसंगीताचे अरेंजर, गोव्यातले चर्चचे गायनवृंद, शाळांची बँडपथके, ज्यांच्याकडे फिनालेतले काम पडून आहे त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी सगळे फोल्डर वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्यावे आणि काम त्या प्रतीवरच करावे. फिनाले २०१२ पर्यंतच्या फायली ‘एमयूएस’ प्रकारच्या आहेत, २०१४ पासूनच्या ‘एमयूएसएक्स’. जुन्या फायली शक्यतो २७ या शेवटच्या आवृत्तीत उघडून नव्या प्रकारात जतन कराव्यात. मग प्रत्येक रचनेच्या तीन गोष्टी ठेवायच्या: मूळ फाइल, पीडीएफ आणि म्युझिकएक्सएमएल (दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल). नुसती पीडीएफ ठेवून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. गायिकेने सूर अर्ध्या पट्टीने उतरवायला सांगितला की पीडीएफ कामाची नाही. नुसत्या म्युझिकएक्सएमएलवरही विसंबू नये. काय निसटले हे ताडून पाहायला पीडीएफच लागते. फिनालेच्या एक्स्पोर्ट मेनूत अख्खे फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलण्याची सोय आहे, त्यामुळे शंभर फायली एकेक करून उघडत बसायला नको.

म्युझिकएक्सएमएल म्हणजे निरनिराळ्या नोटेशन सॉफ्टवेअरमधली समाईक भाषा. २००४ साली तिची पहिली आवृत्ती आली, २०२१ मध्ये चौथी. स्वर, कालमूल्ये, क्लेफ, की-सिग्नेचर, स्लर, गाण्याचे शब्द हे ती बऱ्यापैकी नेते. पानावरची मांडणी मात्र नव्याने करावी लागते, हे धरूनच चालावे. वादकांचे स्वतंत्र पार्टही (प्रत्येकाच्या वाद्यापुरती पाने) नव्या ठिकाणी पुन्हा तपासून, पाने उलटण्याच्या जागा बघून तयार करावे लागतात.

खरी गडबड होते ती फिनालेत चालून गेलेल्या युक्त्यांमुळे. गाणे पहिल्या ठोक्याच्या आधीपासून सुरू होत असेल तर नियमाने अपुरा पहिला बार (मात्रांचा एक गट) करायचा असतो. पण घाईत पूर्ण बार घेऊन सुरुवातीचे रेस्ट (विराम) लपवलेले असतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र पूर्ण बार येतो आणि पुढचे सगळे बार-क्रमांक एकाने सरकतात. स्टुडिओत संयोजक ‘बेचाळीसपासून’ म्हणतो आणि व्हायोलिनवाले भलतीकडूनच सुरू करतात. ट्रिल (दोन स्वरांचे झरझर कंपन) किंवा ग्लिसांडो (घसरत जाणारे स्वर) ऐकू यावे म्हणून चौथ्या लेयरमध्ये, म्हणजे त्याच ओळीवरच्या वेगळ्या थरात, लपवलेले स्वर कधी उघडे होऊन येतात. शेप डिझायनरमध्ये स्वतः काढलेली चिन्हे, मींडेसाठी केलेल्या खास रेघा बहुधा गळतात. ‘डी. एस. अल कोडा’ (खुणेपाशी परत जाऊन मग शेवटच्या भागावर उडी घ्या, ही सूचना) नुसता मजकूर म्हणून उतरतो. दिसतो बरोबर, पण वाजवून पाहिले की उडी घेत नाही. बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि हॉर्नसारख्या वाद्यांचा लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळा असतो. त्यांचे पार्ट लिखित सुरात आले की प्रत्यक्ष सुरात, हे आधी बघावे. तबला-ढोलकी एका रेघेवर लिहिली असेल तर फिनालेच्या पर्कशन नकाशातले (कोणता बोल कुठल्या रेघेवर आणि कुठल्या आवाजात, ही यादी) बोल दुसरीकडे भलत्याच रेघेवर किंवा भलत्याच वाद्याच्या आवाजात येऊ शकतात. तिथे दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवीन ओळ घेऊन पुन्हा लिहिणे लवकर होते.

तालाचेही तसेच. झपतालाच्या दहा मात्रा क्वेव्हर या कालमूल्यात लिहिल्या, तर बीम (स्वर जोडणाऱ्या आडव्या दांड्या) दोन-तीन-दोन-तीन असे जुळायला हवेत. आयात करताना ते पाच-पाच झाले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ताल दिसतच नाही. डोरिको या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये शिफ्ट आणि एम दाबून येणाऱ्या चौकटीत चौकोनी कंसात [२+३+२+३]/८ असे इंग्रजी अंकांच्या कळांनी टाकले की कागदावर साधे १०/८ दिसते, पण बीम खंडांप्रमाणे जुळतात.

मराठी शब्दांवर थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण परदेशी मार्गदर्शनात हे कुठेच सापडत नाही. फिनालेत युनिकोड (सगळ्या लिप्यांची समान संगणकीय पद्धत) आले ते २०१२ च्या आवृत्तीपासून. त्याआधीच्या फायलींत देवनागरी असेल तर ती जुन्या फाँटांची, म्हणजे आत रोमन अक्षरे आणि वर फाँटाने चढवलेला देवनागरी मुखवटा. मराठी छपाईतल्या कुणालाही हे दुखणे नवे नाही. अशी फाइल डोरिको, सिबेलियस किंवा म्युझस्कोर या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये नेली की सुरांखाली रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाँट बदलणारे रूपांतरक आहेत, पण सबंध म्युझिकएक्सएमएल फाइल त्यांच्यात घालण्याचा मोह टाळावा. फाइलमधल्या खुणाही रोमनच असतात. त्यांचीही देवनागरी होते आणि फाइल उघडतच नाही. शिवाय जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते. अक्षर मधेच तुटले असेल तर रूपांतर चुकते.

सोपा मार्ग असा: गाणे युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावे, अक्षरांच्या मध्ये संयोगचिन्ह द्यावे (वि-ठ्ठ-ल, भ-क्ती), मजकूर कॉपी करावा आणि पहिल्या स्वरापाशी जाऊन कंट्रोल-व्ही दाबत राहावे. वरच्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये दर वेळी एक अक्षर पडते आणि पुढचा स्वर येतो. शब्दांची जागा उघडण्यासाठी सिबेलियस आणि म्युझस्कोरमध्ये कंट्रोल-एल, डोरिकोत शिफ्ट-एल. व्यंजन एका स्वराखाली आणि त्याचा काना किंवा वेलांटी पुढच्या स्वराखाली, असे कधीही तोडू नये. सुटी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली छापून येते. आकार लांबत असेल तर अक्षर पहिल्याच स्वराखाली पूर्ण लिहून पुढे रेघ ओढावी. लिरिक्सच्या स्टाइलला मुक्ता किंवा नोटोसारखा युनिकोड फाँट एकदाच नेमावा आणि स्टाफपासूनचे अंतर वाढवावे. मूळ अंतर रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरलेले असते, आपल्याकडे वर रफार आणि खाली उकार असतो. दोन कडवी एकाखाली एक असली की पहिल्याचे उकार दुसऱ्याच्या वेलांट्यांत अडकतात.

तपासणीला फार वेळ लागत नाही. आधी एकूण बार मोजावेत. तो आकडा जुळला नाही तर पुढे जाऊ नये. मग रिहर्सलची अक्षरे (तालमीत जागा सांगण्यासाठी घातलेली ए, बी, सी) कोणत्या बारवर आहेत ते पीडीएफशी ताडावे आणि शेवटी जुने व नवे पाठोपाठ ऐकावे. चुकलेला शार्प-फ्लॅट डोळ्याआधी कान पकडतो.

सगळेच मात्र हलवू नये. वाजून संपलेली कामे वर सांगितलेल्या तीन प्रकारांत बंद करून ठेवावीत आणि जे पुन्हा वाजणार आहे तेवढेच बदलावे. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याला आमचे उत्तर साधे आहे: पार्ट काढून देणारा कॉपिस्ट जे वापरतो ते. तसे बंधन नसेल आणि पार्ट वारंवार काढायचे असतील तर डोरिको. पैसे घालायचे नसतील तर म्युझस्कोर. ते विनामूल्य आहे आणि गायनवृंदाच्या चार ओळींना पुरून उरते.

रेकॉर्डिंगची तारीख ठरलेल्या कामावर नव्या सॉफ्टवेअरची सुरुवात करू नये, कारण बोटांची सवय. फिनालेत ५ चा आकडा म्हणजे क्रॉचेट (दोन क्वेव्हरांएवढा स्वर), म्युझस्कोरमध्येही तेच. डोरिकोत ५ दाबले की क्वेव्हर येतो, क्रॉचेटला ६ लागतो. सिबेलियसच्या कीपॅडवर ५ म्हणजे मिनिम (दोन क्रॉचेटांएवढा) आणि क्रॉचेटला ४. शिवाय फिनालेच्या स्पीडी एंट्रीत आधी सूर आणि मग आकडा, तर डोरिकोत आधी आकडा आणि मग सूर. तिथे ‘के’ कळ दाबली की हा क्रम उलटा करून जुन्या सवयीप्रमाणे लिहिता येते.

आपला,
एक संगीत संयोजक,
दादर, मुंबई