मॅमथच्या अस्ताचे कारण एकच नव्हे

हिमयुगातील केसाळ मॅमथ केवळ मानवाच्या शिकारीमुळे नामशेष झाले, असे प्रतिपादन करणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. त्यातील ‘केवळ’ हा शब्द मला मान्य नाही. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातील सेंट पॉल बेटाचे उदाहरण पाहावे. हिमनद्या व हिमस्तर वितळून समुद्राची पातळी वाढल्यावर हे बेट मुख्य भूमीपासून तुटले आणि तेथे अडकलेले मॅमथ सुमारे ५६०० वर्षांपूर्वीपर्यंत जगले. माणूस तेथे पोहोचल्याची पहिली नोंद १७८७ची आहे, त्यामुळे शिकाऱ्याला दोष देण्यास येथे जागाच उरत नाही. सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाच्या अभ्यासातून दिसते, की बेट आक्रसत गेले, गोड्या पाण्याचे साठे उथळ व गढूळ झाले आणि अखेर ते कळप पाण्यावाचून संपले. मुख्य भूमीवर शिकारीचा वाटा असणारच, कारण सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण काळातून हेच प्राणी तगून गेले होते; म्हणजे तेथे एकट्या हवामानालाही दोष देता येत नाही. या पुरवणीची कात्रणे अनेक विद्यार्थी जपून ठेवतात. त्यांच्यासाठी बदलत्या हवामानाची ही बाजू मांडणारा स्वतंत्र लेख आपण प्रसिद्ध करावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे