आजीला ‘टोटोरो’ सांगणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

तुम्ही आमच्याच इमारतीत राहता, जिन्यात रोज भेटता, तरी हे पत्र लिहिते आहे आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. त्या रविवारी तुम्ही आमच्या आजीच्या शेजारी बसून ‘माय नेबर टोटोरो’ हा अख्खा सिनेमा तिला मराठीत सांगितलात. आम्ही आभार मानायला लागलो तर ‘अहो, त्यात काय, मी नुसती बोलत होते’ म्हणून चपला घालून खाली गेलातसुद्धा. त्यात काय होतं, ते मला सांगायचं आहे.

हा सिनेमा माझ्या किती जवळचा आहे हे घरी आणि मित्रमंडळींत सगळ्यांना ठाऊक आहे. हायाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकांनी तो अ‍ॅनिमेशनपट स्टुडिओ जिबलीत केला, १९८८ साली. जपानमधलं १९५० च्या दशकातलं एक खेडं. आई दवाखान्यात आहे म्हणून सात्सुकी आणि मेई या दोघी बहिणी वडिलांबरोबर तिथल्या एका जुन्या घरात राहायला येतात, आणि घराशेजारच्या प्रचंड कापराच्या झाडात त्यांना टोटोरो नावाचा एक अजब प्राणी भेटतो. गोष्ट म्हणाल तर एवढीच. कॉलेजात असताना मी तो पहिल्यांदा पाहिला आणि तेव्हापासून माझा ज्यांच्यावर जीव आहे त्या प्रत्येकाने तो बघावा असं मला वाटत आलं आहे.

माणसं मात्र सिनेमा बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघायची. हिला यात एवढं काय आवडतं ते शोधत बसायची आणि सापडलं नाही की अवघडायची. एक मैत्रीण शेवटपर्यंत खलनायकाची वाट बघत राहिली. तो नाहीच म्हटल्यावर म्हणाली, ‘गोड आहे गं, पण घडत काहीच नाही.’ मावसभावाने ‘कार्टून आहे ना’ म्हणून मुलाला टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः फोन घेऊन गॅलरीत गेला. (तो मुलगा मांजरबस, म्हणजे बसच्या आकाराची मांजर, धावत आली तेव्हा सोफ्यावर उभा राहून ओरडला. मला त्या दिवशी त्याचा फार आधार वाटला.) ऑफिसातल्या एकाने तर सिनेमा न बघताच मला ऐकवलं की त्या मुली मेलेल्या असतात आणि टोटोरो हा मृत्यूचा देव आहे. शेवटी मुलींच्या सावल्या दिसत नाहीत, हा म्हणे पुरावा. जिबलीने ही अफवा केव्हाच अधिकृतपणे खोडून काढली आहे: त्या चित्रांत सावल्यांची गरज वाटली नाही, म्हणून काढल्या नाहीत. पण मला त्या अफवेचा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. आई घरी कधी येणार हे माहीत नसलेल्या दोन पोरींची भीती या सिनेमात इतकी खरी आहे, की तिला मरणाचं कोडं जोडायची काही गरजच नाही. मियाझाकींची स्वतःची आई मणक्याच्या क्षयाने कित्येक वर्षं आजारी होती. ती भीती त्यांना घरातूनच माहीत होती.

मग २०२५ च्या मार्चमध्ये एआयने कुठलाही फोटो ‘जिबली’च्या चित्रांसारखा करून देण्याची लाट आली. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लग्नाचे, मुंजीचे, गौरी-गणपतीचे फोटो तसे होऊन येऊ लागले, आणि प्रत्येकाखाली माझं नाव घालून ‘बघ, तुझा टोटोरो!’ सगळे प्रेमानेच पाठवत होते, म्हणून मी काही बोलले नाही. पण खूप एकटं वाटलं. या सिनेमातली चित्रं माणसांनी हातांनी काढली आहेत. कला दिग्दर्शक काझुओ ओगांच्या देखरेखीखाली रंगवलेली ती झाडं, बांधावरचं गवत, पावसात काळवंडलेली पायवाट यांच्यामागे कोणीतरी बराच वेळ एका ठिकाणी उभं राहून बघितलेलं आहे. ग्रुपवरच्या फोटोंत कोणीच काही बघितलेलं नव्हतं.

आजी मात्र सिनेमा बघायची राहिली होती ती राहिलीच होती. सबटायटल्स इंग्रजी, आजीला इंग्रजी येत नाही, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी पडद्यावरची पळती अक्षरं तिला लागत नाहीत. भावाने एकदा सांगून बघितलं होतं. दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवून ‘आता ती म्हणतेय की...’ असं चाललं होतं. आजी जराशाने उठून देवाला फुलं वाहायला निघून गेली.

तुम्ही जपानी शिकवता हे माहीत होतं, म्हणून जिन्यात भीत भीत विचारलं. तुम्ही लगेच हो म्हणालात. पण रविवारी आलात त्या हातात वही घेऊन. आदल्या रात्री तुम्ही सिनेमा एकटीने पाहिला होता आणि कुठे काय बोलायचं ते पानं भरून लिहून आणलं होतं. कुठे बोलायचं नाही, तेही लिहिलं होतं. तुमच्या शेजारी बसले होते म्हणून मला ते दिसलं: बसथांब्याच्या प्रसंगापुढे मोठा चौकोन आणि आत ‘गप्प’.

त्या प्रसंगावर मी किती जणांशी बोलले आहे! पाऊस, अंधार, पाठीवर झोपलेली मेई, न येणारी बस, आणि बाजूला येऊन उभा राहिलेला तो प्रचंड प्राणी, डोक्यावर एक पान घेऊन. सात्सुकी त्याला बाबांसाठी आणलेली छत्री देते. छत्रीवर थेंब पडल्याचा आवाज त्याला इतका आवडतो, की तो उडी मारून झाडावरचं सगळं पाणी खाली पाडतो. इथे मी दर वेळी पाहुण्यांना काहीतरी समजावत बसायचे. तुम्ही गप्प राहिलात आणि आजी एकटीच मोठ्याने हसली.

त्या कणसंवाल्या शेजारच्या आजीचं बोलणं तुम्ही मिरजेकडचं केलंत. ‘कुटं निघालायसा गं पोरींनो?’ असं ऐकल्याबरोबर आमच्या आजीने वळून तुमच्याकडे बघितलं आणि तिथून पुढे ती त्या म्हातारीला परस्पर उत्तरंच देऊ लागली. मूळ जपानीतही ती गावाकडचंच बोलते, हे तुम्ही नंतर सांगितलंत. इंग्रजी अक्षरं वाचून मला इतकी वर्षं ते कधी कळलं नव्हतं. बाबा मुलींना घेऊन झाडापुढे उभे राहतात आणि मेईला सांभाळलंत म्हणून वाकून नमस्कार करतात, तिथे आजीनेही हात जोडले. तिला त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. पावसात आडोसा घेताना सात्सुकी रस्त्याकडेच्या जिझो या देवाच्या मूर्तीची परवानगी मागते, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, ‘वळण चांगलं आहे पोरीला.’

बाकीचेही त्या दिवशी माझ्याकडे बघायचं विसरले. माझे बाबा कुडाळकडचे. ते भाताची खाचरं आणि लावणी बघत होते, आणि पाणी कुठून घेतलं असेल ते स्वतःशीच ठरवत होते. आईची नजर सात्सुकीवर होती. ती पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरते, त्यावर आई म्हणाली, ‘थोरलीचं असंच असतं.’ आई चार भावंडांत थोरली. हा सिनेमा तिने माझ्याबरोबर आधीही पाहिला होता, पण हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग दवाखाना. मुली सायकलवरून आईला भेटायला जातात आणि आई सात्सुकीचे केस विंचरते. तुम्ही संवाद सांगत होतात. आजी म्हणाली, ‘हिला क्षय आहे.’ सिनेमात आजाराचं नाव कुठेही घेतलेलं नाही. थोडं थांबून म्हणाली, ‘हिला पोरींना हात लावू देतात? आमच्या आईला नव्हते देत.’

मी रिमोट घ्यायला हात पुढे केला. तुम्ही मान हलवून नको म्हणालात. सिनेमा चालू राहिला, तुम्ही एक-दोन वाक्यं सोडून दिलीत आणि मग त्याच आवाजात पुढचं सांगायला लागलात. ताई, त्या क्षणी आम्ही सिनेमा थांबवून आजीभोवती जमलो असतो तर ती ‘काही नाही गं’ म्हणून विषय बंद करून टाकती. मी तिला ओळखते. तुम्ही तिला सिनेमाच्या आतच राहू दिलंत.

दवाखान्यातून तार येते, आईचं घरी येणं लांबतं, सात्सुकी पहिल्यांदाच मोठ्याने रडते आणि छोटी मेई आईसाठी कणीस कवटाळून एकटीच निघते, तो सगळा वेळ आजी तुमचा हात धरून होती. मेई सापडते. मांजरबस दोघींना दवाखान्यापर्यंत नेते, कणीस खिडकीत पोचतं. ‘पण आई घरी येते का?’ आजीने विचारलं. नावं सुरू झाली होती आणि नेटफ्लिक्स नेहमीप्रमाणे पुढचं काहीतरी लावायला निघालं होतं. तुम्ही म्हणालात, ‘थांबा, संपलेला नाही.’ त्या नावांच्या मागे छोटी छोटी चित्रं येतात. त्यांत आई गाडीतून घरी येते, मुलींना जवळ घेऊन झोपते. तुम्ही एकेक चित्र आजीला सांगितलंत. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांपैकी जवळजवळ सगळे नावं सुरू झाली की उठतात.

चहा घेताना आजी आपणहून बोलली. ती आठेक वर्षांची असताना तिची आई मिरजेजवळच्या एका सॅनेटोरियममध्ये होती. वडील मुलांना घेऊन जायचे. मुलं आवारात उभी राहायची आणि आई व्हरांड्यात येऊन उभी राहायची. मधल्या अंतरात बोलणं व्हायचं ते ओरडून. ती बरी होऊन परत आली, पण घरात त्या काळाचा उच्चार करायचा नाही असं ठरलं, कारण मुलींची लग्नं व्हायची होती. लग्नानंतर ती सवय तशीच राहिली. माझ्या आईला स्वतःच्या आजीचा हा आजार आजवर माहीत नव्हता. क्षयाचा रोगी घरी राहून औषधं घेऊनही सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो, हे मद्रासमधल्या अभ्यासाने १९५९ मध्ये जगाला दाखवून दिलं. आजीची आई त्याच्या काही वर्षं आधीची. मी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, ‘पाच वर्षांनी आजारी पडायला हवी होती.’ आणि मग आईला जवळ बसवून तिने त्या व्हरांड्याची, पांढऱ्या लुगड्याची, परतीच्या वाटेवर वडील काहीच बोलत नसत त्याची सगळी हकीकत सांगितली. मावशीलाही त्याच रात्री फोन झाला.

मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत, दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे थोरले भाऊही बेन्शी होते, हे तुम्ही चहाच्या वेळी सांगितलंत. ते ऐकून बाबांना कुडाळजवळच्या पिंगुळीचे, चित्रं दाखवून गोष्ट सांगणारे चित्रकथी आठवले. देवळात मांडलेली पोथी, एकेक चित्र पुढे येत जाणार, हुडुक आणि टाळ चालू, आणि सांगणारा एकटा माणूस राम, रावण, सीता सगळ्यांच्या आवाजात बोलणार. त्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी आम्हाला ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. चित्राच्या बाजूला बसून सांगणाऱ्या माणसाची किंमत बाबांना लहानपणापासून ठाऊक आहे. तुम्हाला जिन्यापर्यंत सोडायला ते म्हणून आले होते. एरवी ते कोणासाठी उठत नाहीत.

इतकी वर्षं घरात ‘हिचा सिनेमा’ असं म्हणत. परवा आजी शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘आमचा एक सिनेमा आहे, त्यात एक थोरली पोर आहे...’ आणि पुढे तिने सात्सुकीची गोष्ट सांगितली, निम्मी जपानमधली आणि निम्मी मिरजेची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. मला तो सिनेमा इतका चांगला कधीच सांगता आला नव्हता.

ताई, मनापासून आभार. वही भरलीत त्या रात्रीसाठी, त्या ‘गप्प’साठी, मला रिमोट उचलू दिला नाहीत त्यासाठी.

मावशी दिवाळीत सांगलीहून येते आहे आणि तिला तो बघायचा आहे, तुमच्याच तोंडून. आजीचा निरोप असा, की या वेळी नुसत्या चहावर जायचं नाही, जेवायलाच यायचं, आणि मावशी तुमच्यासाठी भडंग घेऊन येणार आहे. भाऊबीज सोडून कुठलाही दिवस चालेल. तुम्ही सांगाल तो.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची