माझ्या पत्त्यातलं ‘स्टेडियम’

इंडियानापोलिस, ता. १४ ऑक्टोबर

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “तुझ्या पत्त्यात स्टेडियम कसलं गं?” फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आबा, मी राहते ते घर खरोखरच स्टेडियममध्ये आहे. जिथे प्रेक्षक बसायचे तिथे आता आमची बिऱ्हाडं आहेत. खिडकी उघडली की समोर बेसबॉलचं जुनं मैदान. मधला चौकोन अजून ओळखू येतो. शेजारची चिमुरडी संध्याकाळी त्याच्या कडेकडेने पळत सुटते आणि जिथून पळायला लागली तिथेच परत येऊन धापा टाकत बसते. कुणी शिकवलं नाही, पण खेळाचा नियम तोच आहे.

हे मैदान १९३१ सालचं. इथल्या ‘इंडियन्स’ संघाचे मालक नॉर्मन पेरी यांनी ते बांधलं आणि वारलेल्या भावाची आठवण म्हणून पेरी स्टेडियम नाव दिलं. युद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, ते व्हिक्टरी फील्ड झालं आणि १९६७ मध्ये याच गावचे बेसबॉलपटू डोनी बुश यांच्या नावाने बुश स्टेडियम. हा संघ मायनर लीगमधला, म्हणजे खेळाडूंनी इथे तयार व्हायचं आणि मग वरच्या संघात जायचं. रॉजर मॅरिस १९५६ मध्ये इथे होता. पुढे १९६१ मध्ये त्याने एका मोसमात ६१ होमरन मारले. होमरन म्हणजे साधारण आपल्या षटकारासारखा फटका.

पण मला जास्त ओढ वाटते ती ‘क्लाउन्स’ या संघाची. काळ्या खेळाडूंना वरच्या लीगचं दार १९४७ पर्यंत बंदच होतं, म्हणून त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. त्यातला हा संघ या मैदानावरही खेळायचा. १९५२ मध्ये त्यात अठरा वर्षांचा हँक आरन होता. बेसबॉलमध्ये उजवा खेळाडू बॅट धरताना उजवा हात वर ठेवतो, आपल्या क्रिकेटच्या उलट; हा मात्र उजवा असून डावा हात वर ठेवायचा! ही सवय पुढे सुटली आणि त्याच्या नावावर ७५५ होमरन लागले. रात्री अंगणात उतरते तेव्हा या मुलांचाच विचार मनात येतो.

१९९६ मध्ये संघ शहराच्या मध्यावर नव्या मैदानात गेला. मग इथे काही काळ छोट्या रेसगाड्या धावल्या, नंतर गवत माजलं. २००९ मध्ये सरकारने जुन्या, पेट्रोल पिणाऱ्या गाड्या मोडीत काढायची योजना आणली, तेव्हा त्या गाड्या आणून याच मैदानावर रांगेने उभ्या केल्या. ते फोटो पाहून पोटात कालवलं. २०१३ पासून इथे लोक राहायला आले. दर्शनी बाजू जुनीच ठेवलीय.

आबा, तुमच्या गिरणीच्या जागेवर टॉवर झाला आणि चिमणी तेवढी राहिली. लालबागवरून जाताना तुम्ही बसमध्ये तोंड फिरवायचात, ते मला लहानपणी कळायचं नाही. इथे निदान मैदान मोकळं ठेवलंय, कुठे उभं राहून खेळायचे ते बोट दाखवून सांगता येतं. तुमचे माग चालायचे त्या साचाखात्याचं तसं काही राहिलं नाही. म्हणून एक मागणं आहे. गेट कुठे, साचाखातं कुठे, तुमचे साचे कुठल्या रांगेत, रात्रपाळीला चहा कुठे प्यायचात, सगळं एका कागदावर आखून पाठवा. वाकडंतिकडं आलं तरी चालेल.

आजीला सा. नमस्कार. गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची नात